धातूचा खुबा : अडीच अब्ज डॉलरांची तडजोड

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या उपकंपनीचा ‘एएसआर’ हा कृत्रिम खुबा, ज्यात धातूचा गोलक धातूच्याच वाटीत फिरे आणि त्या घर्षणातून सुटलेले कोबाल्ट व क्रोमियम रुग्णाच्या रक्तात उतरे, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविण्यात आला. तोवर असे सुमारे ९३,००० खुबे बसविले गेले होते.

• तडजोड : नोव्हेंबर २०१३. कंपनी आणि खुबा काढावा लागलेले सुमारे ८,००० अमेरिकी रुग्ण यांच्यात.

• या रुग्णांनी कंपनीवर केलेले दावे ओहायोच्या संघीय न्यायालयात एकत्र चालले, तरी प्रत्येक वादीचा दावा कायद्याने स्वतंत्रच राहिला. तडजोड म्हणजे दोषाची कबुली नव्हे.

• भारतीय रुग्ण, हे विशेष ध्यानी घ्यावे, या तडजोडीबाहेर होते. त्यांच्या नुकसानभरपाईचे सूत्र केंद्र सरकारने २०१८ साली मंजूर केले. कमाल रक्कम सुमारे १ कोटी २३ लाख रुपये.