चोर, संन्यासी आणि आयोवाची डुकरं

१९१८ चा शरद ऋतू. अमेरिकेच्या आयोवा राज्यात घराघरांत माणसं तापानं फणफणली होती आणि शेतांवर डुकरंही. तसाच खोकला, तसंच गळणारं नाक. पशुवैद्य जे. एस. कोएन यांनी सांगून टाकलं, घरातला आणि गोठ्यातला आजार एकच आहे. डुकरं पाळणारे त्यांच्यावर उखडले. असं बोललं तर मांस विकत कोण घेणार?

माणसांच्या आजारातला आरोपी तर केव्हाच ठरला होता. १८९२ मध्ये जर्मनीच्या रिचर्ड फायफर यांना रुग्णांच्या कफात एक चिमुकला जिवाणू दिसला आणि इन्फ्लुएन्झाचं, म्हणजे फ्लूचं, खापर त्याच्यावर फुटलं. हा जिवाणू रक्त घातलेल्या अन्नावरच नीट वाढे, म्हणून पुढे त्याचं नाव पडलं हिमोफिलस, म्हणजे रक्तप्रेमी. १९१८ च्या साथीत कितीतरी रुग्णांत तो सापडेना. पण वाढवायलाच इतका नाठाळ, की न सापडण्याचा दोष शोधणाऱ्याच्या हाताला दिला जाई. आरोप कायम राही.

दहा वर्षांनी प्रिन्स्टनच्या रॉकफेलर संस्थेतले तरुण डॉक्टर रिचर्ड शोप आपल्या मूळच्या आयोवात आले. डुकरांची साथ अजून येतच होती. आजारी डुकरांच्या श्वासनलिकेत त्यांना आणि त्यांचे वरिष्ठ पॉल लुईस यांना फायफरच्या जिवाणूचा जणू जुळा भाऊच भेटला. त्यांनी तो निरोगी डुकरांच्या नाकात सोडला. डुकरं ठणठणीत!

१९२९ मध्ये पीतज्वराचा अभ्यास करता करता लुईस ब्राझीलमध्ये त्याच रोगानं गेले. शोप यांनी काम सोडलं नाही. जिवाणूही अडकून राहील अशा बारीक गाळणीतून त्यांनी आजारी डुकरांचा स्राव गाळला. गाळलेला द्रव नाकात गेलेली डुकरं आजारी पडली, पण जेमतेम. मग त्यांनी द्रव आणि जिवाणू एकत्र दिले. आता मात्र डुकरं कोसळली, अगदी आयोवाच्या शेतांवर कोसळत तशी. खरा चोर गाळणीतून निसटणारा विषाणू होता. जिवाणू त्याचा साथीदार.

१९३१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. १९३३ मध्ये लंडनच्या स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात माणसाच्या फ्लूचा विषाणूही पकडला.

म्हणजे इतकी वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी? तसंही नाही. १९३१ मध्येच न्यूयॉर्कच्या मार्गारेट पिटमन यांनी दाखवलं, की काही हिमोफिलस अंगावर कवच पांघरून असतात आणि त्यातला 'बी' प्रकार लहान मुलांना मेंदूज्वर देतो. संन्याशाच्या झोळीतही सुरी होतीच. खटला तेवढा चुकीचा चालला.

चुकीच्या आरोपातून मिळालेलं 'इन्फ्लुएन्झी' हे आडनाव त्याला आजही चिकटून आहे. आपल्याकडे बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीतला एक भाग याच 'बी' विरुद्धचा असतो. त्यानं फ्लू टळत नाही. या जिवाणूचा मेंदूज्वर आणि न्यूमोनिया टळतो.