गळाला लागते ते सारे सरोवर

अमेरिकेतील विस्कॉन्सिन व मिनेसोटा ही राज्ये आणि त्यांच्या शेजारचा कॅनडाचा ओंटारिओ प्रांत या पट्ट्यातील गोड्या पाण्याच्या सरोवरांवर हौसेने गळ टाकणाऱ्यांच्या लेखी मासे मुख्यतः तीन प्रकारचे असतात : वर्षानुवर्षे हुलकावणी देणारा मस्की, गळाला लागल्यावर दमदार झुंज देणारा बास आणि संध्याकाळी तळायला न्यावेत असे लहानखुरे पॅनफिश. ही वाटणी प्राणिशास्त्राने केलेली नाही. ‘पॅनफिश’ या नावात तर माशाच्या कुळाचा पत्ताच नाही. तळणीच्या तव्यात अख्खा मावतो तो पॅनफिश, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॅपी आणि यलो पर्च हे सारे या एकाच नावाखाली येतात. त्यांपैकी पर्च वगळता बाकीचे आणि खुद्द बास हे एकाच सनफिश कुळातले असल्यामुळे बास ब्लूगिलची पिल्ले गिळतो तेव्हा ती शब्दशः भाऊबंदकीच असते. तिन्ही प्रकारच्या शिकाऱ्यांची आमिषे वेगळी, काठ्या वेगळ्या आणि अभिमानही वेगळे. पाणी मात्र एकच. इलिनॉयचे निसर्गशास्त्रज्ञ स्टीफन फोर्ब्स यांनी 1887 मध्ये ‘सरोवर : एक सूक्ष्मविश्व’ अशा आशयाच्या शीर्षकाचा निबंध वाचला आणि त्यात उदाहरण बासचेच घेतले, बास समजून घ्यायचा तर तो खातो ते जीव, त्या जीवांचे अन्न आणि त्या अन्नाचे वाटेकरी हे सारे तपासावे लागेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या यादीत गळ टाकणारा माणूसही घालावा लागतो, हे पुढच्या शतकभरातील संशोधनाने दाखवून दिले.

या सरोवरांपैकी बरीचशी शेवटच्या हिमयुगाची देणगी आहेत. हिमनद्या मागे हटताना वाळू-गोट्यांत गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड तुकडे सावकाश वितळले आणि त्यांच्या जागी उरलेल्या खळग्यांत पाणी साठले. पाणी सुमारे 4 अंश सेल्सिअस तापमानाला सर्वांत जड असते, या एका गुणधर्मावर तेथील माशांचे वेळापत्रक बेतलेले आहे. उन्हाळ्यात वरचे कोमट पाणी खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते आणि दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पट्टा तयार होतो, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. या पट्ट्याखालच्या पाण्याला वरची हवा मिळत नाही. त्यामुळे सरोवर सुपीक असेल तर कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यामुळे तळाशी प्राणवायू संपत जातो आणि खोल पाणी असूनही माशांना ते वर्ज्य होते. वसंत आणि शरद ऋतूंत सगळे पाणी एकाच तापमानाला आले, की वाऱ्याने ते तळापासून ढवळले जाते. हिवाळ्यात वर बर्फ आणि तळाशी 4 अंशांच्या आसपासचे पाणी अशी उलटी मांडणी होत असल्याने बर्फाला भोके पाडून पर्च व ब्लूगिल पकडण्याचा वेगळा हंगामच तेथे चालतो.

मस्की हा पाइक कुळातील सर्वांत मोठा मासा. त्याचे नाव ओजिब्वे या मूलनिवासी लोकांच्या भाषेतून आलेले आहे आणि विस्कॉन्सिनने त्याला 1955 पासून राज्यमाशाचा मान दिला आहे. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मस्की लागतो, अशी त्याच्याविषयीची जुनी म्हण आहे. ती अतिशयोक्त असली तरी निराधार नाही, कारण अन्नसाखळीच्या टोकावर बसणारा हा प्राणी मुळातच विरळ असतो आणि सर्वसाधारण सरोवरात एकरामागे एक प्रौढ मस्कीही भरत नाही. त्याची शरीररचना दबा धरणाऱ्याची आहे. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर शेपटीजवळ सरकलेले असल्यामुळे लांबट शरीराचा मागचा भाग वल्ह्यासारखा काम करतो, आणि पाणवनस्पतींच्या कडेला निश्चल उभा असलेला मासा इंग्रजी ‘एस’सारखा आकसून क्षणात झेपावतो. लांब पल्ल्याचा पाठलाग त्याला परवडत नाही. आमिषामागे होडीपर्यंत येऊन तो नुसता पाहत थांबतो, म्हणून अनुभवी शिकारी आमिष पाण्याबाहेर काढण्याआधी काठीच्या टोकाने पाण्यात इंग्रजी आठचा आकडा काढतो; वळणावर आमिष निसटते आहे असे वाटले, की मस्की झडप घालण्याची शक्यता वाढते.

अमावास्या-पौर्णिमेला मस्की अधिक लागतो, अशीही समजूत आहे. उधाण आणि भांग यांच्या हिशेबाने होड्या लोटणाऱ्या कोकणातल्या कोळ्याला यात नवल वाटणार नाही; परंतु समुद्राच्या भरती-ओहोटीशी या लहान सरोवरांचा काही संबंध नसल्याने येथे कारण वेगळे शोधावे लागते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर अमेरिकेतील 3,41,959 मस्कींच्या नोंदी चांद्रमासाशी ताडून पाहिल्या गेल्या. समजुतीत तथ्य निघाले, पण ते बेताचे : नेमक्या अनुकूल तिथीलाच जाणाऱ्याला कोणत्याही दिवशी जाणाऱ्यापेक्षा सरासरी 5 टक्के अधिक मासे मिळावेत, इतकेच. मिनेसोटातील ज्या व्हर्मिलियन सरोवरावर शिकाऱ्यांच्या फेऱ्याही मोजता आल्या, तेथे चंद्राबरोबर त्यांची संख्याही बदलत होती; तेव्हा चंद्र माशाला भुलवतो की माणसाला, हा प्रश्न शिल्लक राहिला. अशा प्रामाणिक निष्कर्षाला जाहिरातीत स्थान नसते, हे ओघानेच आले.

मस्कीवर बासच्या शिकाऱ्यांचा मात्र जुना राग आहे : हा मासा आमचे बास खातो. विस्कॉन्सिनमध्ये मस्कींच्या पोटातील अन्न तपासले गेले तेव्हा त्यात प्रामुख्याने यलो पर्च आणि तळाशी चरणारे सकर मासे सापडले. बासचे प्रमाण किरकोळ होते. मस्कीची खरी अडचण त्याच्या बालपणात आहे. वसंतात पाणी साधारण 9 ते 15 अंशांवर आले की मादी उथळ पाण्यात हजारो अंडी विखरून टाकते आणि नर-मादी दोघेही तेथून निघून जातात. त्याचा चुलतभाऊ नॉर्दर्न पाइक मात्र बर्फ वितळताच, याहून थंड पाण्यात, अंडी घालतो; त्यामुळे मस्कीची पिल्ले बाहेर पडतात तोवर पाइकची पिल्ले थोडी मोठी होऊन वाट पाहत असतात. काही आठवड्यांच्या या आघाडीमुळेच पाइक नव्याने शिरलेल्या सरोवरांत मस्कीला टिकणे अवघड जाते आणि अनेक ठिकाणी मत्स्यबीज केंद्रांत वाढवलेली बोटुकली सोडावी लागतात.

मस्कीच्या कीर्तीपुढे ब्लूगिलकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, आणि येथेच शिकाऱ्यांची नजर चुकते. सरोवराची प्रकृती जाणायची तर तळहाताएवढ्या या माशाकडे पाहावे. पाणी 20 अंशांच्या आसपास तापले की ब्लूगिलचे नर उथळ तळावर शेपटीने बशीसारखे खळगे कोरतात, तेही एकमेकांना लागून, वस्ती करून. मादी अंडी घालून जाते. पुढे अंड्यांवर पराने वारा घालणे, बुरशी लागू न देणे आणि अंडी चोरायला येणाऱ्यांना हुसकावणे ही सारी कामे बापाची, आणि या काळात तो जवळजवळ उपाशी असतो. ओंटारिओतील ओपिनिकॉन सरोवरात मार्ट ग्रॉस यांनी केलेल्या संशोधनातून या सज्जन बापांच्या वस्तीत दुसराच एक वर्ग उघड झाला. घरटे बांधणारा नर वयात यायला सुमारे 7 वर्षे घेतो, तर काही नर दुसऱ्याच वर्षी वयात येतात, घरटे न बांधता गवतात लपून राहतात आणि मादी अंडी घालत असताना विजेसारखे मधे घुसून आपले वीर्य सोडून पसार होतात. हेच चोरटे नर थोडे वाढले की रंगारूपाने मादीसारखे दिसू लागतात आणि मग लपण्याचीही गरज उरत नाही. घरधनी त्यांना दुसरी मादी समजून आत घेतो. त्या सरोवरात पाचांतला साधारण एक नर हा मार्ग धरत असल्याचे दिसून आले. चोरटे नर अल्पायुषी असतात आणि पिल्लांचे संगोपन शेवटी घरधन्याच्याच गळ्यात पडते.

आता या वस्तीवर गळ पडतो. तव्याला शोभेल असा ब्लूगिल म्हणजे नेमका तो मोठा, घरटे राखणारा नर; प्रजननकाळात तो कोठे सापडेल हे काठावरूनही दिसते आणि घरट्याजवळ आलेली कोणतीही वस्तू तो तोंडाने हटवू पाहत असल्याने त्याला पकडायला कौशल्यही लागत नाही. मोठे नर वस्तीत असतात तोपर्यंत तरुण नरांना घरटे बांधून निभाव लागण्याची आशा नसते, म्हणून ते वयात येणे लांबवून शरीर वाढवत राहतात. मोठे गेले की हा दाब उठतो, लहान नर लहानपणीच बाप होतात आणि जी शक्ती वाढीवर खर्ची पडायची ती प्रजननात जाते. परिणामी काही वर्षांत सरोवर असंख्य खुरट्या ब्लूगिलांनी भरते. खुरटलेल्या माशांना पाहून शिकारी ‘संख्या फार झाली, आणखी काढा’ असे म्हणतो. निदान अर्धे खरे असते, पण तो पुन्हा मोठेच काढणार असल्यामुळे उपाय पूर्ण चुकीचा ठरतो. तळ्यात सोडलेला तिलापिया अमाप वाढून बोटभरच राहतो, हे पाहिलेल्या महाराष्ट्रातील मत्स्यपालकाला हे चित्र ओळखीचे वाटेल, जरी तेथील कारणे सर्वस्वी हीच नसली तरी.

खुरटेपणावर नैसर्गिक इलाज बासकडे आहे, कारण तो लहान ब्लूगिलांची गर्दी विरळ करतो. त्याच्या नुसत्या वावराचाही परिणाम होतो. अर्ल वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगनमधील तळ्यात केलेल्या आणि 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तळे दुभागून एका भागात बास सोडले, तेव्हा उघड्या पाण्यात अधिक अन्न असूनही त्या भागातील लहान ब्लूगिल गवतातच अडकून राहिले आणि त्यांची वाढ मंदावली. बासच्या तोंडात न मावणारे मोठे ब्लूगिल मात्र निर्धास्तपणे बाहेर चरत राहिले. भीती हीदेखील सरोवरातील एक मोजता येणारी शक्ती आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

बासचा नरही घरटे राखतो; आपल्याकडचा मरळ जसा पिल्लांच्या थव्याभोवती फिरत राहतो तसा तोही पिल्ले पोहू लागल्यावर काही काळ त्यांच्याबरोबर असतो. अशा नराला गळाने उचलले आणि लगेच पाण्यात सोडले तरी मधल्या काही मिनिटांत टपून बसलेले ब्लूगिल व पर्च अंड्यांवर तुटून पडतात, आणि बरीच अंडी गेली असतील तर परतलेला नर घरटेच सोडून देतो. म्हणजे ‘पकडा आणि सोडा’ ही पुण्यप्रद समजली जाणारी रीत वसंतात तितकीशी निरुपद्रवी राहत नाही. याहून खोलवरचा धक्का इलिनॉयच्या रिज लेक या तळ्यातील दीर्घ प्रयोगाने दिला. तेथे सहज गळाला लागणारे आणि क्वचितच लागणारे बास वेगळे काढून तीन पिढ्या वाढवले गेले, आणि गळाला लागण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असल्याचे 2009 मध्ये जाहीर झाले. पुढे 2012 च्या अभ्यासात असेही दिसले, की सहज लागणारे नर हेच अधिक आक्रमक, अधिक दक्ष आणि म्हणून अधिक यशस्वी बाप असतात. ब्लूगिलमध्ये मोठा नर आणि बासमध्ये शूर नर अशी निवड कोणताही मस्की करीत नाही. ती माणूस करतो.

या निवडीची लाट माशांपाशी थांबत नाही. स्टीफन कार्पेंटर आणि जेम्स किचेल यांनी 1985 मध्ये विस्कॉन्सिन-मिशिगनच्या सीमेवरील दोन लहान सरोवरांत अदलाबदल केली : ‘पीटर’मधील बहुतेक बास ‘ट्यूजडे’मध्ये आणि ‘ट्यूजडे’मधील बहुतेक लहान मिनो मासे ‘पीटर’मध्ये. ‘ट्यूजडे’त बासने उरलेले मिनो फस्त केले, मिनोंच्या तावडीतून सुटलेला डॅफ्निया हा पाण्यातील सूक्ष्म, कवचधारी चराऊ जीव वाढला आणि त्याने तरंगते शैवाल खाऊन कमी केले. माशांची टोपली बदलल्याने पाण्याचा हिरवेपणा बदलला. ‘पीटर’ने मात्र संशोधकांचा अंदाज चुकवला, मागे राहिलेल्या थोड्या बासनी इतकी पिल्ले दिली की ती पिल्लेच मिनोंच्या जागी प्लवक खाऊ लागली. सरोवरे पाठ्यपुस्तक वाचत नाहीत, हे या प्रयोगाचे कमी उद्धृत होणारे फलित होय.

विस्कॉन्सिनचे नियम या ज्ञानाकडे हळूहळू सरकले आहेत. मस्कीसाठी सर्वसाधारण किमान लांबी 2012 पासून 40 इंच, म्हणजे सुमारे 102 सेंटिमीटर आहे आणि बहुतेक शिकारी त्याहून मोठा मासाही आपणहून सोडून देतात. पॅनफिशसाठी मात्र सर्वसाधारण मर्यादा दिवसाला 25 मासे एवढी उदार आहे आणि तिच्यात आकाराचा विचार नाही. मस्कीची लांबी कोरून ठेवणारे सर्वसाधारण नियम घरटे राखणाऱ्या ब्लूगिलबाबत मौन पाळतात, ही विसंगती दूर होणे आवश्यक आहे. त्यासाठी मोजदाद लागते आणि तिची एक उत्तम परंपरा त्याच राज्यात आहे. व्हिलास काउंटीतील 293 एकरांच्या एस्कनाबा सरोवरावर, जेथे मस्की, बास, वॉलआय नावाचा मासा आणि पॅनफिश एकत्र नांदतात, 1946 पासून गळ टाकण्याआधी मोफत परवाना घेणे आणि परतताना काय मिळाले ते सांगणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. काहीच न लागलेल्याचीही नोंद होते.