साथीचा काळ आणि समाजनिधि

साथ आली म्हणजे दोन प्रकारची टंचाई एकदम उद्भवते. एक अन्नाची व औषधाची. ती सर्वांस दिसते. दुसरी, तें अन्न व औषध गरजवंताच्या दारापर्यंत नेणाऱ्या माणसांची. ती सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. या दुसऱ्या टंचाईवर उपाय म्हणून जगांत अनेक ठिकाणीं एक व्यवस्था रूढ झाली आहे. इंग्रजींत तिला कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. आम्ही तिला समाजनिधि म्हणूं. तिचें कार्य भोर व वेल्हें या तालुक्यांची स्थिति डोळ्यांपुढें ठेवून समजावून देण्याचा येथें हेतु आहे.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कुशींत आहेत. 2011 च्या खानेसुमारींत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारें 1 लाख 86 हजार, तर वेल्ह्याची अवघी 54 हजारांच्या घरांत भरली. तोरणा व राजगड यांच्या आसमंतांत एकेका गांवच्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत, आणि पुष्कळ घरांतील कमावतीं माणसें पोटासाठीं पुण्या-मुंबईस राहतात. 9 मार्च 2020 रोजीं पुण्यांत कोरोनाचे राज्यांतील पहिले रुग्ण आढळले व 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. तेव्हां अशा घरांची शहरांतील मिळकत थांबली, एस. टी. बंद पडली; आणि शाळा मोबाईलवर भरूं लागली असतां, डोंगराआड रेंज न मिळणाऱ्या मुलांची शाळा केवळ नांवापुरती उरली.

अशा वेळीं कोणत्या वाडींत म्हातारी एकटी राहते, कोणाच्या घरीं रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या आहेत, हें शहरांतील कचेरीस कसें कळावें? तें आशाताईस कळतें, अंगणवाडीच्या बाईंस कळतें, आणि गांवांत वर्षानुवर्षें वावरलेल्या संस्थेस कळतें. ज्ञान प्रबोधिनीनें वेल्ह्याच्या बाजूस स्त्रियांच्या बचतगटांचें काम दीर्घकाळ केलें आहे. अशा कामांतून जी ओळख व जो विश्वास निर्माण होतो, तो साथ आल्यावर बाजारांतून विकत आणतां येत नाहीं.

परंतु याच काळांत लहान संस्थांची मिळकत आटते. 28 मार्च 2020 रोजीं सरकारनें जाहीर केलें कीं, कंपन्यांनीं पीएम केअर्स निधीस दिलेली रक्कम त्यांच्या कायदेशीर सामाजिक खर्चांत धरली जाईल. साहजिकच पुष्कळ देणग्यांचा ओघ तिकडे वळला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत विदेशी देणग्यांचा कायदा बदलला, व एका संस्थेस मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेस देण्याची मनाई झाली. हे निर्णय योग्य कीं अयोग्य हा आमचा विषय नव्हे. परिणाम इतकाच कीं, जवळच्या माणसांनीं जवळच्या संस्थेस हात देण्याची आवश्यकता पूर्वीपेक्षां अधिक झाली.

समाजनिधीची कल्पना अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं 1914 सालीं फ्रेडरिक गॉफ नांवाच्या पेढीवाल्यानें प्रथम अमलांत आणिली. कोणी श्रीमान मृत्युपत्रांत एखाद्या विशिष्ट कामासाठीं पैसा ठेवी. पुढें तें कामच उरत नसे, आणि पैसा मात्र अडकून पडे. गॉफनें ठरविलें कीं, अनेकांच्या देणग्या एकत्र ठेवाव्या, आणि त्यांचा विनियोग कसा करावा हें गांवच्या विश्वासू नागरिकांच्या समितीनें काळ पाहून ठरवावें. आपल्याकडे मुंबईंत 1990 च्या सुमारास याच धर्तीवर बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट निघाला.

आमच्या विद्यार्थ्यांस भाटघरचें धरण ठाऊक आहे. पावसाळ्यांत सांठविलेलें पाणी नीरेच्या कालव्यांनीं बारामती-फलटणकडील शेतांस जातें. समाजनिधि हा तसाच जलाशय होय, आणि लहान संस्था हे त्याचे कालवे व पाट होत. पाट बुजले तर धरण भरलेलें असूनही शेत वाळतें. म्हणून साथीच्या काळांत असा निधि पुढील गोष्टी करितो.

पहिली गोष्ट, विलंब टाळणें. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी व हिशेब त्यानें आधींच पाहिलेले असतात. त्यामुळें ऐन संकटांत नवी चौकशी करावी लागत नाहीं. दुसरी, पैशावरील अटी सैल करणें. समजा, एका संस्थेस 50,000 रुपये केवळ धान्यासाठीं मिळाले; पण गाडीच्या डिझेलास व कार्यकर्त्याच्या पगारास कांहींच नाहीं. मग तें धान्य वाडीवर चढणार कसें? मार्च 2020 मध्यें अमेरिकेंतील अनेक देणगीदार निधींनीं अशा अटी सैल करण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. तिसरी, मेळ घालणें. म्हणजे एका गांवीं तीन वेळां शिधा व दुसरें गांव उपाशी, असें होत नाहीं.

इंग्लंडांत नॅशनल इमर्जन्सीज ट्रस्टनें 2020 मध्यें देशभर वर्गणी गोळा केली. परंतु वांटणीचें काम मुख्यतः चाळीसहून अधिक स्थानिक समाजनिधींकडे सोंपविलें. पैसा राजधानींत जमला, पण निवड गांवच्या माणसांनीं केली, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. आपल्याकडेही हें अगदीं नवें नाहीं. 1918 च्या इन्फ्लुएंझांत, नारायण मल्हार जोशी यांनीं 1911 सालीं स्थापिलेल्या मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगनें स्वयंसेवक व दवाखाने यांच्या द्वारें लोकांची शुश्रूषा केली. ती संस्था साथीपूर्वीं सात वर्षें उभी होती, म्हणूनच साथींत उपयोगी पडली.

समाजनिधि सरकारी दवाखान्याची जागा घेऊं शकत नाहीं. प्राणवायु, लस व डॉक्टर यांची जबाबदारी सरकारचीच. शिवाय जेथें श्रीमंती थोडी, तेथें निधीही थोडा जमतो. परंतु भोर-वेल्ह्याचीं मुलें पुण्या-मुंबईस जाऊन मिळवितीं झालीं आहेत. त्यांनीं आपल्या मिळकतींतील लहानसा वांटा दरसाल गांवाकडे ठेवला, तर ही उणीव बरीच भरून निघेल. थेंबें थेंबें तळें सांचे, हें आपण पाटीवर गिरवितों. तळें मात्र पावसाळ्यांतच भरावें लागतें. तहान लागल्यावर खणूं म्हटल्यास वेळ निघून गेलेली असते. पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं साथ नसतांनाच याचा विचार करावा, इतकीच आमची विनंति आहे.