ईआरपी: बोगद्यातली वर्षं आणि शेवटचा स्फोट

चिपळूण तालुक्यातलं अलोरे म्हणजे कोयना प्रकल्पाचं गाव. कोयनेच्या तिसऱ्या टप्प्याचं ३२० मेगावॅटचं वीजघर इथलंच. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशय रिकामा न करता, खालून बोगदा नेऊन शेवटचा खडक स्फोटाने उडवला गेला. हेच ते ‘लेक टॅपिंग’. स्फोट क्षणभराचा, त्यामागची खोदाई आणि मोजमापं काही वर्षांची.

बहुराष्ट्रीय कंपन्यांत ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र आणणारं सॉफ्टवेअर, बसवताना मात्र अनेकांच्या डोळ्यांसमोर नुसता तो क्षणच असतो. परवाना घ्यायचा, सल्लागार बोलवायचे, ठरल्या तारखेला ‘गो-लाइव्ह’, म्हणजे प्रणाली चालू. खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री, हिशेब एका प्रणालीत आणायचं हे काम आयटी विभागाचं, असाही सर्रास समज.

पहिली ठेच स्टोअरमध्येच लागते. ६२०५ नंबरचं साधं बेअरिंग घ्या: आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२. एका कारखान्याच्या नोंदीत ते ‘बेअरिंग ६२०५’, दुसऱ्यात ‘बॉल बेअरिंग २५ एमएम’, तिसऱ्यात पुढे पुरवठादाराचं नाव. संगणकाच्या लेखी या तीन वस्तू झाल्या. शेजारच्या कारखान्यात माल पडून असतो आणि इकडून नवी ऑर्डर जाते. नेस्लेच्या अमेरिकेतल्या कारभारात एकाच पुरवठादाराच्या व्हॅनिलाला २९ वेगवेगळे दर मोजले जात होते, कारण प्रत्येक कारखान्याच्या दप्तरी तिचं नाव निराळं होतं. ही नावं एक करायला स्टोअरकीपर आणि खरेदीवाले एका टेबलाशी बसावे लागतात. बाहेरून आलेल्या प्रोग्रामरला ते कसं ठरवता येणार?

पैसे मोजले की सॉफ्टवेअर हवं तसं वाकवता येतं, हा समज फार महाग पडतो. जर्मनीच्या लिड्ल या किराणा साखळीने मालाचं मूल्य खरेदी किमतीवर धरायची आपली रीत सोडली नाही. त्यांनी घेतलेल्या सॅप या ईआरपी सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्री किमतीवर होती. बदलांवर बदल होत गेले आणि २०११ साली सुरू झालेला प्रकल्प सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ साली गुंडाळावा लागला.

म्हणून मुख्यालयाचा साचा जसाच्या तसा सगळ्या देशांवर लादावा, असंही नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तेव्हा इथल्या कंपन्यांना बिलांचा नमुना, एचएसएन क्रमांक, केंद्र आणि राज्याच्या कराची फोड हे सारं प्रणालीत नव्याने बसवावं लागलं. त्यातल्या खाचाखोचा इथल्या अकाउंट्स विभागालाच ठाऊक.

तारखेचा हट्ट तर सगळ्यात घातक. अमेरिकेतल्या हर्शीज कंपनीने ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत उरकायचं ठरवलं आणि जुलै १९९९ मध्ये, ऐन हॅलोवीनच्या तोंडावर, नव्या प्रणाली चालू केल्या. चॉकलेट तयार होतं, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी दुकानांपर्यंत वेळेत पोहोचल्या नाहीत. आपल्याकडे मिठाईवाल्याने दिवाळीच्या आठवड्यात भट्टी बदलायला काढावी, तसंच हे.

‘गो-लाइव्ह’नंतरचे दोन-तीन महिने प्रत्येक विभागात फिरून एक गोष्ट पाहायलाच हवी: कुणाच्या ड्रॉवरमध्ये जुनी वही अजून भरली जाते आहे का? दिसली, तर त्या माणसावर रागवू नये. शेजारी खुर्ची ओढून बसावं आणि वहीतला कोणता रकाना त्याला पडद्यावर सापडत नाही, ते विचारावं.