अरणगाव, अकोळनेर आणि एक हलगी

दौंडहून नगरला येणारी गाडी सारोळा सोडते, अकोळनेर येतं, आणि मग नगरच्या अलीकडे उजाड माळ लागतो. रुळांच्या एका बाजूला जुन्या बैठ्या इमारती, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि टेकडीवर लहानसा पांढरा घुमट. हे अरणगाव. बाहेरच्या जगाला मेहेराबाद म्हणून माहीत असलेलं. खिडकीतल्या प्रवाशाला ही दोन्ही गावं कधी आली आणि कधी गेली, हेही कळत नाही. तो आपली बॅग वरून काढण्यात गुंतलेला असतो. माझं मात्र या एवढ्याशा पट्ट्यावर वेड्यासारखं प्रेम आहे. मला आयुष्यभर ज्या दोन गोष्टींचा नाद लागला, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या पैशाशिवाय काढलेले सिनेमे आणि कोणाच्याही परवानगीशिवाय गायलेली गाणी, त्या दोन्हींचे पत्ते या पट्ट्यातच आहेत.

इंग्रजीत अशा सिनेमाला आणि संगीताला ‘इंडी’ म्हणतात. इंडिपेंडंटचं ते लाडकं रूप. मराठीत ‘स्वतंत्र’ म्हटलं की एकदम पंधरा ऑगस्ट आठवतो, म्हणून मी त्याला ‘पदरमोडीचं’ म्हणतो. हिला विचाराल तर ती म्हणेल, ‘नादच पदरमोडीचा, आमच्या पदराची मोड!’ तेही खोटं नाही. मी नगरमधल्या एका शाळेत मास्तर होतो. पगारातून दर महिन्याला कोऱ्या कॅसेटी आणि पुण्याच्या एसटीचं तिकीट यांना ठराविक रक्कम जायची. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म संग्रहालयात एखादा सिनेमा आहे असं कळलं, की शनिवारी दुपारची शाळा सुटताच मी स्टँडवर. परत येताना शेवटच्या गाडीत मागच्या बाकावर बसून हाडं खिळखिळी करून घ्यायची. सोमवारी वर्गात तोच सिनेमा डोळ्यांपुढे.

गाण्यांचं वेड त्याच्या आधीचं. कॉलेजात असताना मी सायकलवर अरणगावला जायचो. भाविक म्हणून नव्हे, खरं सांगायचं तर गोरी माणसं बघायला. संध्याकाळी टेकडीवर आरती व्हायची आणि आरतीनंतर कुणीही पुढे येऊन गाणं म्हणायचं. कुणी तेलुगूत, कुणी फारसीत, कुणी गिटार घेऊन इंग्रजीत. ना माईक, ना तिकीट. गाणी बहुतेक त्यांनी स्वतःच रचलेली असायची. एखाद्याचा आवाज अगदी बेताचा, तारा नीट जुळलेल्या नाहीत, तरीही तो डोळे मिटून शेवटपर्यंत गायचा आणि कुणी हसत नसे. रेडिओवर तयार गळेच ऐकलेल्या माझ्यासारख्याला हे नवीन होतं. ‘इंडी फोक’ हा शब्द मला पुढे किती तरी वर्षांनी कळला. तो प्रकार मी त्या टेकडीवर आधीच ऐकलेला होता.

तिथेच एका अमेरिकन पाहुण्याने मला विचारलं, ‘तू नगरचा, आणि तुला द हू माहीत नाही?’ मला वाटलं, हा काही तरी प्रश्न विचारतोय, अर्धवट. मग त्याने समजावलं. ‘द हू’ हा इंग्लंडचा रॉक वाद्यवृंद, त्यातला पीट टाउनशेंड म्हणजे रंगमंचावर गिटार आपटून तिचे तुकडे करण्यासाठी प्रसिद्ध असलेला माणूस. आणि हा माणूस मेहेरबाबांचा भक्त! १९६९च्या ‘टॉमी’ या त्यांच्या गाजलेल्या अल्बमवर मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहे. १९७१च्या ‘हूज नेक्स्ट’मधल्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्यातला ‘बाबा’ म्हणजे आमच्या अरणगावचे बाबा. दुसरा अर्धा भाग टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचा. १९७२ साली टाउनशेंड स्वतः इथे येऊन समाधीवर डोकं टेकवून गेला.

गंमत पाहा. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५पासून मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवीपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षांहून अधिक. आणि त्यांचा हा भक्त कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासाठी ख्यातनाम! बाबांना संगीताचं वावडं मात्र नव्हतं. ‘बिगिन द बिगीन’ हे कोल पोर्टरचं नाचाचं गाणं त्यांच्या आवडीचं. त्यांना समाधी दिली तेव्हा या नगरच्या माळावर त्याची रेकॉर्ड वाजली होती. पुढच्या वर्षी, १९७०मध्ये, टाउनशेंड आणि त्याच्या काही मित्रांनी बाबांच्या जयंतीसाठी ‘हॅपी बर्थडे’ नावाची एक रेकॉर्ड काढली, त्यात हे गाणं त्याने स्वतः गायलं. ही रेकॉर्ड दुकानात विकायला नव्हतीच. खासगीरीत्या, थोड्या प्रती, भक्तमंडळींपुरत्या. १९७२मध्ये अशीच दुसरी निघाली, ‘आय ॲम’. अमेरिकेत त्यांच्या चोरट्या प्रती इतक्या खपू लागल्या, की शेवटी ‘हू केम फर्स्ट’ हा अल्बम रीतसर बाजारात आणावा लागला. जगातल्या सर्वांत यशस्वी वाद्यवृंदांपैकी एकाचा गिटारवादक, आणि मनातलं गाणं काढायचं तर पदरमोडीचा रस्ता धरतो, तेही आमच्या गावच्या माणसासाठी. माझी छाती फुगली, हे कबूल करायला हवं.

त्या अमेरिकनाकडून मी ती गाणी कॅसेटवर उतरवून घेतली. कॅसेट इतकी वाजवली, की फीत दोनदा गुंतली आणि पेन्सिल घालून सोडवावी लागली. शिक्षकांच्या खोलीत मी या विषयावर व्याख्यानं द्यायचो. ‘तुम्हाला कान नाहीत,’ असं सहकाऱ्यांना तोंडावर म्हणायचो. आता या कानांची गोष्ट ऐका.

माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. १९९१-९२ची गोष्ट असेल. जत्रांच्या दिवसांत तो शाळेला यायचा नाही, कारण वडिलांबरोबर हलगी वाजवायला जायचा. आला की बाकावर बोटांनी ताल धरायचा. सगळा वर्ग मागे वळून हसायचा. एकदा मी फळ्यावर लिहीत असताना तो ताल इतका वाढला, की मी खडू फेकून म्हणालो, ‘ही शाळा आहे, देवाची वरात नाही.’ वर्ग खदखदला. वर्गाबरोबर मीही हसलो. त्याने हात बाकाखाली घेतले. माझ्या झोळीत तेव्हा टाउनशेंडची कॅसेट होती.

ही गोष्ट मी साफ विसरून गेलो होतो. ती आठवायला २०१४चा फेब्रुवारी उजाडावा लागला. ‘फँड्री’ लागला होता.

नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, पण सिनेमाची अक्षरं त्याने गिरवली ती नगरला, न्यू आर्ट्स महाविद्यालयाच्या संज्ञापन विभागात. तिथे शिकत असतानाच त्याने शाळेची ओढ असलेल्या एका मुलावर ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि २०१०च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागातल्या पदार्पणाचा मान मिळवला. मुंबईत स्टुडिओच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांनी आमच्या या साध्या जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजकडे त्यानंतर जरा आदराने पाहिलं असेल. त्याचा पहिला मोठा चित्रपट ‘फँड्री’. त्यातलं गाव अकोळनेर. दासगणू महाराजांचं जन्मगाव म्हणून आम्हाला ठाऊक असलेलं, कीर्तन आणि पदांच्या संस्कारातलं. पडद्यावर ते दिसलं तेव्हा थिएटरात ओळखीचा हुंकार उठला. रुळांकडेची तीच झुडपं, तोच फुफाटा.

मग डुकरं पकडण्याचा प्रसंग आला. जब्या, त्याचे आईबाप आणि बहिणी गावाच्या डुकरामागे धावताहेत आणि शाळेतली पोरं टोळक्याने बघत हसताहेत. थिएटरातही लोक हसत होते. किशोर कदम यांचा कचरू धडपडतो, पडतो, पुन्हा हशा. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निवांत निघून जातं. पुन्हा हशा. मीही हसत होतो. पुढे ते डुक्कर काठीला टांगून नेतात ते शाळेच्या भिंतीवरून. भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा. हसू हळूहळू विझलं. आणि शेवटी सोमनाथ अवघडेच्या जब्याने भिरकावलेला दगड सरळ आमच्याच अंगावर आला. पडदा काळा. कुणी उठेना.

मला त्या अंधारात जब्या दिसत नव्हता. बाकाखाली घेतलेले हात दिसत होते.

चांगल्या सिनेमाने माणूस बदलतो वगैरे मी मानत नाही. सिनेमा सुटल्यावर पार्किंगमध्ये आम्ही सगळे नेहमीसारखेच हॉर्न वाजवत होतो. पण माझ्या छंदाला मात्र तेव्हा तडा गेला. इतकी वर्षं मी ज्याला चांगलं संगीत म्हणत होतो, ते किती समुद्र ओलांडून आलं आहे यावर त्याची किंमत ठरवत होतो की काय?

त्यानंतर मी जवळचं शोधू लागलो. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पाहिला. घाटकोपरच्या रमाबाई नगरात १९९७मध्ये गोळीबार झाला, त्यानंतर विलास घोगरे या शाहिराने जीव दिला, तिथून सुरू होणारा आणि चौदा वर्षांच्या चित्रणातून २०११मध्ये पुरा झालेला हा माहितीपट. त्यातला डफ ऐकताना मला वाटलं, रॉक रॉक म्हणतात ते आणखी काय असतं? चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये आरोपी शाहिराच्या तोंडी संभाजी भगत यांची गाणी आहेत, आणि त्या चित्रपटात सर्वांत जिवंत काय असेल तर तीच. ‘कोर्ट’ व्हेनिसमध्ये गाजला, मग त्याला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं.

त्याच राष्ट्रीय पुरस्कारांत ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला ‘ख्वाडा’ला, आणि हा तर पक्का आमच्या जिल्ह्याचा. भाऊराव कऱ्हाडे श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीचा, शेतकऱ्याचा मुलगा, हाही नगरच्या त्याच विभागातला विद्यार्थी. मेंढरं घेऊन वणवण करणाऱ्या आणि कुठे तरी घर करू पाहणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट त्याला सांगायची होती. निर्माता मिळेना, म्हणून त्याने जमीन विकली. जमीन! हे शब्द शहरातल्या माणसाने वाचणं वेगळं आणि आमच्या दुष्काळी भागातल्याने वाचणं वेगळं. आमच्याकडे मुलीच्या लग्नाला जमीन विकतात, दवाखान्याला विकतात, आणि त्याही वेळी गाव नावं ठेवतं. सिनेमाला विकली म्हटल्यावर घरात काय झालं असेल, याची कल्पना मला बसल्या जागी करता येते. १९७६मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते. आमचा जिल्हा सहकाराचा. प्रवरानगरला शेअर गोळा करून साखर कारखाना उभा केला तो १९५०च्या आसपास. उसासाठी भागभांडवल जमतं, गोष्टीसाठी मात्र एकट्याचा सातबारा. हे मला अजूनही खटकतं.

‘ख्वाडा’ २०१५च्या ऑक्टोबरात लागला. मी हिला घेऊन गेलो. या चित्रपटातला आवाज नंतर स्टुडिओत भरलेला नाही, चित्रीकरणाच्या जागीच घेतलेला आहे, आणि त्या ध्वनिमुद्रणासाठी महावीर साबन्नावर यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मेंढरांचं बेंबटणं, कुत्री, माळावरचा वारा. मध्यंतरात ही म्हणाली, ‘तुमच्या त्या इंग्रजी कॅसेटींपेक्षा हे बरं ऐकू येतं.’ पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्या छंदाविषयी काढलेला हा तिचा पहिला बरा शब्द.

अरणगावला मी अजूनही जातो, ३१ जानेवारीला. भर दुपारी हजारो माणसं पंधरा मिनिटं गप्प बसतात. मध्येच रुळांवरून गाडी गेली तर तिचा खडखडाट तेवढा. त्या शांततेत मला काय ऐकू येतं म्हणाल, तर बाकावरची बोटं.

दोन वर्षांपूर्वी नातेवाइकांच्या लग्नाला केडगावला गेलो होतो. मांडवाबाहेर हलगीचा ताफा. तालाने पाय आपोआप थांबले. वाजवणाऱ्यांतला एक जण, पन्नाशीकडे झुकलेला, हलगी बगलेत मारून पुढे आला आणि पाया पडला.

‘सर, ओळखलं का?’

ओळखलं म्हणालो. नावही आठवलं. मग इतक्या वर्षांचं साठलेलं बोलूनच टाकलं, की तू बाकावर वाजवायचास, मी तुला वर्गात बोललो होतो, चुकलं रे माझं.

तो गोंधळून हसला. ‘मी नव्हतो सर. मी पुढच्या बाकावर. तो आमचा चुलतभाऊ.’

मी काहीच बोललो नाही. मग विचारलं, ‘तो कुठे असतो आता?’

‘सुप्याला, एमआयडीसीत. कंपनीत आहे.’

‘वाजवतो का अजून?’

‘हलगी आहे घरात, भिंतीला. शिफ्ट असती सर त्याला, वेळ कुठं मिळतोय?’ तेवढ्यात नवरदेव घोड्यावर बसला, ताफ्यातून कुणी तरी हाक मारली आणि तो हलगी शेकायला पेटलेल्या कागदांकडे पळाला.

सुपा नगरपासून फार लांब नाही. एसटी दर थोड्या वेळाने असते. मी अजून गेलेलो नाही.