नादमय पाषाण

इ. स. १५२० च्या सुमारास डोमिंगो पेस नावाचा एक पोर्तुगीज प्रवासी विजयनगरास आला. त्या वेळी तेथे कृष्णदेवरायाचे राज्य होते. बाजार, हत्ती, रत्ने यांचे वर्णन बहुतेक प्रवासी करतात. पेसनेही ते केले आहे. परंतु राजवाड्यातील एका दालनाविषयी त्याने जे लिहून ठेवले आहे, ते अधिक मोलाचे आहे. या दालनात राजाच्या नर्तकींना नृत्याचे शिक्षण मिळत असे. तेथे कोरलेल्या चौकटींत नर्तकींच्या आकृती होत्या. नृत्य संपताना कोणत्या आविर्भावात उभे राहावयाचे, ते त्या आकृतींवरून कळे. एखादीला विसर पडला, तर तिने त्या चौकटीकडे दृष्टी टाकावी, की शेवट आठवलाच! म्हणजे ही केवळ भिंतीची शोभा नव्हती. तो नृत्याचा पाठ होता. पेस परक्या देशाचा, येथील नृत्याची भाषा त्याला अपरिचित. तरी नेमकी हीच गोष्ट त्याच्या नजरेतून निसटली नाही.

त्या राजवाड्याची आज केवळ जोती उरली आहेत. इ. स. १५६५ च्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला आणि शत्रुसैन्याने ते वैभवशाली नगर लुटले व जाळले. तथापि हंपी येथील हजारराम मंदिराच्या आवारभिंतीवर हत्ती, घोडे व सैनिक यांच्या रांगांबरोबर नर्तकींची आणि वादकांची रांगही अद्याप चालते आहे.

याच नगरीत, तुंगभद्रेच्या काठी, विठ्ठलमंदिर आहे. प्रवासी प्रथम धावतात ते त्याच्या अंगणातील दगडी रथाकडे. खरे नवल मात्र समोरच्या महामंडपात आहे. तेथील खांब अखंड ग्रॅनाइटचे आहेत. मध्ये एक जाड खांब आणि त्याच्या भोवती, त्याच शिळेतून सोडवून काढलेले, सडपातळ उपस्तंभ! ग्रॅनाइट हा अत्यंत कठीण दगड. छिन्नीचा एक घाव चुकला, तर सारी शिळा वाया जावयाची. अशा दगडाचे मनगटाएवढे दांडे कारागिरांनी मोकळे केले, आणि त्यांवर बोटाने हलकेच टिचकी मारली असता घंटेसारखा नाद उमटू लागला.

दगड वाजतो कसा? पुष्कळ लोकांना वाटे, की हे खांब आतून पोकळ असावेत. कल्पाक्कम येथील अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी खांबांना इजा न करता त्यांची परीक्षा केली, तेव्हा ते भरीव असल्याचे आढळून आले. खेड्यातील शाळेत घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा भरीवच असतो. तरी तो वाजतो. आघात होताच दांडा सूक्ष्म प्रमाणात वाकतो, सावरतो, पुन्हा वाकतो. हे कंपन डोळ्यांना दिसत नाही, कानाला मात्र कळते. दांडा लांब व बारीक असेल, तर स्वर खालचा. आखूड व जाड असेल, तर वरचा. येथे एक मौज आहे. तंबोऱ्याची तार निम्म्यावर दाबली, तर स्वर एक सप्तक चढतो; पण तेवढ्याच जाडीचा दगडी दांडा निम्म्या लांबीचा केला, तर स्वर दोन सप्तके चढतो. दगडाच्या बाबतीत थोडासा फरकही स्वर बदलून टाकतो, तो यामुळेच.

असे खांब मदुरेच्या मीनाक्षीमंदिरात, तिरुनेलवेलीच्या नेल्लैयप्पर मंदिरात आणि शुचींद्रम येथेही आहेत. विठ्ठलमंदिराची गोष्ट मात्र निराळी झाली. वाटाड्याने खांब वाजवून दाखवावा, मग प्रत्येक प्रवाशाने तो पुन्हा ठोकून पाहावा, कोणी बोटाने, कोणी खड्याने, असे वर्षानुवर्षे चालले. घंटा वाजण्यासाठीच टांगलेली असते. हे दांडे छताखाली दोन्ही टोकांना जखडलेले आहेत, आणि तडा गेलेला दगड काही केल्या सांधत नाही. म्हणून या खांबांवर आघात करण्यास आता मनाई आहे. दुरून आलेल्या माणसाचा हिरमोड होतो खरा. परंतु हा नाद ऐकण्याच्या हौसेनेच मुका होण्याची वेळ आली होती, हे त्याने ध्यानात घ्यावे.

मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती कृष्णदेवरायाने येथे आणली होती व एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, अशी वारकरी परंपरा सांगते. जवळच नदीच्या पात्रालगत एक साधा, बहुखांबी मंडप आहे. त्याला पुरंदरदासांचा मंडप म्हणतात. कर्नाटक संगीताचे पितामह म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते हे पुरंदरदास. मायामाळवगौळ रागापासून शिक्षणास आरंभ करण्याची पद्धत त्यांच्याच नावावर सांगितली जाते, आणि त्यांच्या पदांच्या अखेरीस ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा येते. मंडपाच्या खांबांत नाद नाही, त्यांवर फारसे नक्षीकामही नाही. पावसाळ्यात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, की तुंगभद्रा त्यात शिरते. पाणी ओसरले, की चिखल माखलेले ते खांब पुन्हा उन्हात उभे दिसतात.