कानशींची ठेवण

मोहोळकडे उसाची तोड सुरू झाली की कोयत्यास धार लावण्याकरिता कानस शोधावी लागते, व ती बहुधा पाने, हातोड्या, खिळे यांच्या ढिगात सापडते. कानशीचे पोलाद कठीण, म्हणूनच ठिसूळ असते. कानशीवर कानस घासली तरी दोहींचे दात झडतात, व झडलेले दात घरी पुन्हा पाडता येत नाहीत. कानशीने खिळे उचकटणारे महाभागही आहेत!

याकरिता जाड फळीस खाचा पाडून चपटी, गोल व करवतीची त्रिकोणी कानस मुठीखाली निरनिराळी अडकवावी. ठेवण्यापूर्वी कीस तारेच्या कुंचल्याने दातांच्या ओळीने झाडावा. तेल लावू नये. त्याने कीस चिकटतो व कानस घसरते. आपल्याकडे भाद्रपदात पाऊस अधिक, तेव्हा फळी ओलसर भिंतीपासून दूर असावी.